कोपऱ्यातलं मेलेलं पाणी

दीपा आप्पासो मगदूम हिला लहानपणापासून पाण्याचं वेड होतं, असं आता गडमुडशिंगीत कुणीही सांगेल. माणूस पंपाच्या कारखान्यात नावारूपाला आलं, की गाव मागं जाऊन त्याच्या लहानपणात पाणी ओततं. खरं म्हणजे पाण्याला ती घाबरायची. विहिरीवर पोरं उड्या टाकायची तेव्हा ही काठावर सगळ्यांच्या चपला राखत बसायची. वेड होतं ते मोजायचं.

ती चौथीत असतानाची गोष्ट. उन्हाळ्यात विहीर किती खाली गेली ते बघायला आप्पासोंनी दोरीला दगड बांधून सोडला, आणि ओली दोरी वर घेऊन दीपाच्या आत्यानं, म्हणजे आक्कानं, हातानं मोजली. बावीस हात भरली. दीपा म्हणाली, "एकवीस."

"का गं? दोरी खोटं बोलती व्हय?" आप्पासो म्हणाले.

"दोरी न्हाय. आक्काचा हात आखूड हाय."

ही काठावर बसल्या बसल्या विहिरीच्या बांधकामातले दगडांचे थर मोजून बसली होती. आप्पासोंनी आपल्या हातानं दोरी परत मोजली, तर एकवीस आणि वर चार बोटं. आक्का त्यानंतर दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. पुढं आयुष्यभर मात्र येईल त्या पाहुण्याला आक्काच ही गोष्ट सांगत राहिली, आणि सांगताना स्वतःचा हात पुढं करून दाखवायची.

अशी ही पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकली, कोल्हापुरात इंजिनिअर झाली आणि पुण्याला एका कंपनीत गेली. तिथलं काम मोठं गमतीचं. हवा किंवा पाणी एखाद्या यंत्रातून कसं जाईल, ते यंत्र बनायच्या आधी संगणकावर बघायचं. पाण्याच्या वाटेचे लाखो बारीक तुकडे करायचे, त्याला ते लोक जाळी म्हणतात, आणि एकेका तुकड्यात पाण्याचा वेग किती, दाब किती, हे यंत्राकडून सोडवून घ्यायचं. चार वर्षं तिनं ते केलं. मग आप्पासोंचे दोन्ही गुडघे एकदम गेले, आणि ती परत आली. गावात लोकांना वाटलं, नोकरी सुटली. तिनं कुणाचं वाटणं दुरुस्त केलं नाही. पंधरा दिवसांत गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत अमरसिंहाच्या पंपाच्या कारखान्यात जाऊन उभी राहिली.

अमरसिंह हा वडिलांचा कारखाना चालवणारा, पन्नाशीचा, मोठ्यानं बोलणारा माणूस. नवं काही दिसलं की आधी हसायचं, मग विकत घ्यायचं, अशी त्याची रीत. त्यानं दीपाला जुन्या तारांची अडगळ होती ती खोली रिकामी करून दिली, संगणक घेऊन दिला, आणि संगणक तापू नये म्हणून गार हवेचं यंत्र बसवलं. अख्ख्या कारखान्यात तेवढी एकच खोली गार. मालकाच्या खोलीतसुद्धा पंखाच होता. त्यामुळं तिचं नाव पडलं 'थंड खोली', आणि तिथं चालतं ते काम थंडच असणार, असाही समज झाला.

पहिल्याच आठवड्यात अमरसिंह खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला.

"हं. सांग. हे करतंय काय?"

"पाणी सरळ गेलं तर हिशेब सोपा हाय साहेब," दीपा म्हणाली. "पण ते सरळ जात न्हाय. भोवऱ्यात भोवरा, त्याच्या पोटात आनी एक. सगळे मोजायचे म्हटले तर ह्या यंत्राला आपला जन्म पुरणार न्हाय."

"मग?"

"मग भोवरे मोजायचेच न्हाईत. भोवऱ्यांमुळं पाण्यात घुसळण किती हुतीया, एवढा एकच आकडा प्रत्येक ठिकाणी धरायचा. तो कुठं वाढतोय आन् कुठं मरतोय, त्याला एक समीकरण. एकच."

"एकात भागतंय?"

"बऱ्याच वेळा भागतंय. काही लोक दोन समीकरणं घेत्यात, पण आपलं यंत्र लहान, ते दमतंय. ह्या एकाला फक्त एक गोष्ट सारखी सांगावी लागती. पाण्याचा हा ठिपका सगळ्यात जवळच्या भिंतीपासून किती लांब हाय."

"भिंतीचं काय काम?"

"भिंतीला चिकटून मोठा भोवरा हुईत न्हाय. जागाच नसती त्याला."

अमरसिंह हसला. म्हणजे त्याला पटलं.

हे जे एका समीकरणाचं शास्त्र आहे ते स्पालार्ट आणि ऑलमरास या दोन माणसांच्या नावानं ओळखलं जातं, आणि मुळात ते विमानाच्या पंखावरच्या हवेसाठी बसवलेलं. दीपाला ते आवडायचं याचं कारण मात्र आप्पासोंच्या गुऱ्हाळात होतं. तिथं जोतीराम नावाचा गुळव्या होता. काहिलीखालचा जाळ किती, वेळ किती झाला, रस कुठल्या रानातला, हे तो विचारायचाच नाही. चिमटीत पाक धरायचा, बोटं लांब करायचा, आणि तार बघून म्हणायचा, "उतरा." एवढ्या एका खुणेवर विसांपैकी एकोणीस काहिलींचा गूळ फक्कड जमायचा. विसावी काहील फसायची, आणि ती कधी फसणार तेही ठरलेलं असायचं. वाऱ्यानं आडवा पडलेल्या उसाचा रस आला, की जोतीरामची तार त्याला दगा द्यायची. त्याला ते ठाऊक होतं. अशा दिवशी तो कामावर यायचाच नाही, पोट दुखतंय म्हणून निरोप धाडायचा.

आता या कारखान्यात दुसरं माणूस महत्त्वाचं होतं ते आकाराम मिस्त्री. पंपाचा भाग बिडात ओतायचा तर आधी तो सागवानी लाकडात हुबेहूब घडवावा लागतो. त्याला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबून साचा करायचा आणि साच्यात वितळलेलं बीड सोडायचं. आकारामनं चाळीस वर्षं पॅटर्न घडवले. साखर कारखान्याच्या गिरणीचं एक भलंमोठं दातेरी चाक त्यानं तरुणपणी लाकडात घडवलं होतं. ते दारातून बाहेर निघेना म्हणून मालकानं, म्हणजे अमरसिंहाच्या वडिलांनी, भिंत फोडली. पुन्हा बांधलेली ती भिंत आकाराम नव्या माणसाला पहिल्या दिवशी दाखवायचा.

दीपालाही दाखवली. दीपानं भिंत बघितली, मान हलवली आणि खिशातली पोलादी पट्टी काढून बाकावरचा पॅटर्न मोजायला लागली. ड्रॉइंगवर तीनशे मिलिमीटर होतं तिथं तीनशे तीन भरलं. दुसरीकडं मोजलं, तिथंही शंभराला एक जास्त. ती सरळ अमरसिंहाकडं गेली आणि म्हणाली, मिस्त्रींचं सगळंच मोठं येतंय.

ते ऐकून अमरसिंह एवढा हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. आकारामनं आपली पट्टी आणून तिच्या पट्टीशेजारी ठेवली. दोन्हींवर तीनशेचा आकडा, पण त्याच्या पट्टीवरचा तीन मिलिमीटर पुढं.

"बीड गार झालं की आकसतंय मॅडम. म्हणून आमची पट्टी आधीच वाढीव असती. तुमच्या पुस्तकात न्हाय व्हय हे?"

पुस्तकात होतं. तिला त्या वेळी आठवलं नव्हतं, एवढंच. पण त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणायचंच, "मॅडम, आमचा इंच मोठा हाय, जरा सांभाळून." ती उत्तर द्यायची नाही. पॅटर्नच्या शेडकडं जायचं मात्र तिनं सोडून दिलं. काही लागलं तर कागद पाठवायची. आकाराम कागद वाचायचा आणि लाकूड कापायचा. दीड वर्ष असंच गेलं. बाकी कुणाशी तिचं वाकडं नव्हतं. दिवस मावळायच्या आत जेवायचं ही घरची रीत, म्हणून साडेपाचला टेबलावरच डबा उघडायची, आणि तिच्या डब्यातलं लसणीविना झालेलं वांगं खायला फेटलिंगची, म्हणजे ओतीव घासणारी, दोन माणसं हटकून यायची.

मग बिद्रीकडच्या एका पाणीपुरवठा संस्थेचं काम आलं. नदीचं पाणी उचलून वरच्या उसाला द्यायचं. मोठा उभा पंप. संस्थेचे चेअरमन गणपतराव स्वतः येऊन अट सांगून गेले: पंपाला दिलेल्या शंभर भाग ताकदीतले शहात्तर भाग पाण्यात उतरले पाहिजेत, आणि ते आमच्या डोळ्यांदेखत मोजून दाखवायचं. शहात्तरला एक दशांश कमी पडला तरी पंप परत. आणि मार्च संपायच्या आत पाहिजे.

दीपानं पंपाची आखणी केली. या पंपात फिरत्या चाकाच्या वर एक ओतीव भांडं असतं. त्याला बाउल म्हणतात. चाकानं गरगर फिरवलेलं पाणी त्या बाउलातल्या स्थिर पात्यांमधून सरळ होऊन वर जातं. पात्यांची ड्रॉइंगं पॅटर्नच्या शेडला गेली, आणि आकाराम तीन आठवडे मान वर न करता लाकूड कोरत बसला. तेवढ्यात इकडं दीपानं तोच बाउल संगणकावर घेतला, जाळी विणली, एका समीकरणाचा हिशेब लावला आणि चार दिवस यंत्राला चालू दिलं.

उत्तर वाईट आलं. पातं जिथं बाउलाच्या मधोमध असलेल्या गोळ्याला भिडतं त्या कोपऱ्यात पाणी पुढं सरकतच नव्हतं. तिथल्या तिथं फिरत बसलं होतं. चित्रात तो निळा डाग तळहाताएवढा दिसत होता. मेलेलं पाणी. असा डाग प्रत्येक पात्याला, आणि त्यापायी पंपाचा आकडा एकाहत्तर.

दीपानं दोन पानांचा कागद लिहिला. शेवटची ओळ अशी: पात्यांचा आकार बदलावा, सध्याचा पॅटर्न मोडावा.

सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर अमरसिंहानं तो कागद मोठ्यानं वाचला. आकाराम मागं उभा होता. त्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली.

"पॅटर्न मोडला तर मार्च गेला," अमरसिंह म्हणाला. "मार्च गेला की गणपतराव गेले. पण ही खोली मीच काढली, आता तिचं ऐकायला पाहिजे. मोडू. फक्त दीपा, मिस्त्रींना तू स्वतः जाऊन सांगायचं. कागद पाठवायचा न्हाय."

दीड वर्षानं ती त्या शेडमध्ये शिरली. बाउलचा पॅटर्न बाकावर होता, मेणपॉलिश केलेला, आठही पाती चकचकीत. आकाराम शेजारी बसून चहा पीत होता.

"या मॅडम. पट्टी आणलीया न्हवं?"

"मिस्त्री, ऐकून घ्या. तुमचं काम चुकलेलं न्हाय. आखणी माझीच. पण इथं पाणी मरतंय."

"कुठं?"

"ह्या कोपऱ्यात. पातं गोळ्याला भिडतंय तिथं."

"कोपऱ्यात?" आकारामनं कप खाली ठेवला. "बोट घाल."

"काय?"

"बोट घाल म्हणतो. चावत न्हाय."

दीपानं पात्याच्या मुळाशी बोट घातलं आणि खाली ओढलं. बोट कुठं अडलं नाही. पात्यावरून गोळ्यावर सरळ घसरत गेलं, जसं पितळेच्या पातेल्यात आतून बोट फिरतं तसं. तिथं कोपरा नव्हताच. मेण आणि लांबीचा लगदा भरून तो गोल केला होता.

"ह्याला कोपरा म्हणत्यात व्हय?" आकाराम म्हणाला. "चाळीस वर्षांत मी टोकदार कोपरा केला न्हाय. टोक ठेवलं की साच्यातली वाळू तिथं ढासळती. न्हाय ढासळली तर बीड गार हुताना नेमकं तिथंच चिरतंय. म्हणून भरून घ्यायचा."

"ड्रॉइंगवर एवढा गोल न्हाय."

"आमटीत मीठ घाला, हे कुणी लिवून देतंय व्हय? जो करतोय त्याला ठावं असतंय."

दीपानं गोलाई मोजायचा गेज मागवला. ड्रॉइंगवर कोपऱ्याची गोलाई होती तीन मिलिमीटर. आकारामच्या हातची भरली नऊ. आणि संगणकातल्या बाउलात ती होती शून्य, कारण बारीक गोलाईवर जाळी विणायला त्रास होतो म्हणून ते तीनसुद्धा तिनं स्वतःच पुसलं होतं. पुण्यात सगळे पुसत. तिथं सुट्या भागांच्या गोलाया केसाएवढ्या असत, पुसल्यानं काही बिघडत नसे.

तिनं गेज बाकावर ठेवला.

"मिस्त्री, मी चुकलो," ती म्हणाली. इकडच्या पोरी आलो, गेलो, चुकलो असंच बोलतात, त्यामुळं आकारामला त्यात वेगळं काही वाटलं नाही. वेगळं वाटलं ते चुकलो म्हणण्याचं.

"हं," तो म्हणाला. "मग मोडायचा का न्हाय?"

"दोन दिवस द्या."

"घे की. तीन आठवडे घातल्यात मी, दोन दिवसानं काय हुतंय."

तिनं कोपऱ्यात नऊची गोलाई भरली, जाळी नव्यानं विणली, आणि चार दिवस लागू नयेत म्हणून आधीच्या उत्तरापासूनच यंत्र पुढं चालू केलं. बुधवारी दुपारी आकडा आला. साडेचौऱ्याहत्तर. निळा डाग निम्मा झाला होता, गेला नव्हता. अट शहात्तरची.

इथं दीपाची खरी पंचाईत झाली. एका समीकरणाचा हा हिशेब कोपऱ्यातला डाग वाढवून सांगतो, हे तिला माहीत होतं. त्याचं कारणही माहीत होतं. एकच आकडा धरायचा म्हटल्यावर घुसळण सगळ्या दिशांना सारखी, असं तो समजून चालतो. एका भिंतीजवळ ते खपून जातं. पण दोन भिंती जिथं भेटतात तिथं खरं पाणी सगळ्या दिशांना सारखं घुसळत नाही. तिथं बारीक आडवे प्रवाह तयार होतात आणि ते कोपरा आतून धुऊन काढतात. त्या धुण्याची या समीकरणाला खबरच नसते. म्हणजे खरा डाग चित्रातल्या डागापेक्षा लहान असणार. पण किती लहान? दोन समीकरणांचा हिशेब लावून पाहिला, तर तो रात्रभर हेलकावतच राहिला, स्थिर होईना. पुस्तकात यावर उपाय होता, समीकरणाला आणखी एक पुरवणी जोडायची, पण ती या कामाला कितपत लागू पडते हे तपासायलाच दोन महिने गेले असते. जोतीरामसारखा पोटदुखीचा निरोप धाडायची सोयही नव्हती.

गुरुवारी ती अमरसिंहासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पॅटर्न मोडू नका."

अमरसिंहानं चष्मा काढला. "सोमवारी मोडा. गुरुवारी मोडू नका. मंगळवारी काय म्हणणार हाईस?"

"सोमवारी माझी चूक झाली. कोपरा गोल हाय हे मला ठाऊक नव्हतं."

"अख्ख्या कारखान्याला ठाऊक हाय! झाडूवालीला विचार, ती सांगंल."

"मला कुणी सांगितलं न्हाय, आन् मी कुणाला विचारलं न्हाय."

अमरसिंहानं चष्मा परत लावला. मग त्यानं निकाल दिला. पॅटर्न आहे तसाच ओतायचा. पण टेस्टच्या आधी दीपानं तिचा आकडा कागदावर लिहून द्यायचा. एकापेक्षा जास्त फरक पडला तर थंड खोली बंद. संगणक हिशेबनिसाला, आणि दीपा खरेदी खात्यात, नट-बोल्ट मागवायला.

"मला रागानं बोलायचं न्हाय," तो म्हणाला, "पण रोज बदलणारं उत्तर मला घरात बायकोकडनं मिळतंय. त्याला गार हवा कशाला?"

दीपानं तिथंच उभ्यानं लिहिलं. संगणक म्हणतो साडेचौऱ्याहत्तर. कोपऱ्यात तो डाग वाढवून दाखवतो. माझा अंदाज साडेशहात्तर.

"अंदाज?" अमरसिंहानं वाचलं. "अंदाजच करायचा तर तो आमचे आबा पाण्यात काठी घालून करायचे."

"कुठल्या कोपऱ्यात काठी घालायची, तेवढं यंत्रानं सांगितलं," दीपा म्हणाली.

कागदाची घडी अमरसिंहाच्या खिशात गेली. साडेचौऱ्याहत्तर लिहून संगणकाच्या माथी मारणं सोपं होतं, आणि शहात्तर लिहून सगळ्यांना खूश करणंही. आप्पासोंना तिनं घरी सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "खरेदी खात्यात खुर्ची चांगली असती का गं?"

दहा दिवसांत बाउल ओतून, घासून तयार झाला. टेस्टच्या आदल्या दिवशी दीपानं दोन पात्यांना पांढरा रंग दिला आणि वाळल्यावर त्यावर ओल्या काळ्या तेलरंगाचे ठिपके मारले. कारखान्यातली माणसं बघायला जमली. एकजण म्हणाला, "मॅडम, गौरीची रांगोळी हाय व्हय?"

"पाणी कुठनं कसं गेलं ते ठिपके वढून दावत्यात. जिथं पाणी मेलंय तिथं ठिपका तिथल्या तिथं फरकाटतोय."

गणपतराव सकाळी दहाला आले. सत्तरीचे, एके काळचे पैलवान, कान मोडलेले. त्यांनी चहाला नको म्हटलं, दीपाकडं बघून "काय पावणं, बरं हाय न्हवं?" म्हणाले आणि सरळ टेस्ट बेडवर, म्हणजे पंप चालवून बघायच्या चौथऱ्यावर, जाऊन पंपावर तळहात ठेवून उभे राहिले. संस्थेचे पंप त्यांनी तीस वर्षं रात्रंदिवस चालवले होते. मीटरपेक्षा त्यांचा तळहातावर भरवसा.

पंप सुरू झाला. झडप हळूहळू उघडत ठरलेल्या जागी आणली. पाणी किती, दाब किती, वीज किती, तिन्ही आकडे माणसानं मोठ्यानं वाचले. दीपानं भागाकार केला. पंचाहत्तर पूर्णांक सहा.

दीपाच्या लिहिलेल्या आकड्यापासून फरक एकाच्या आत होता, म्हणजे खोली वाचली होती. पण पंप परत जाणार होता, आणि परत गेलेल्या पंपाच्या खोलीला कोण विचारतं? अमरसिंहानं खिशावर हात ठेवला आणि काढला.

गणपतरावांचा हात पंपावरून सरकत वर फिरत्या दांड्याजवळ गेला, जिथं पाणी बाहेर येऊ नये म्हणून दोरीचं पॅकिंग दाबून बसवलेलं असतं.

"हे कुणी आवळलंय?" त्यांनी विचारलं.

फिटर पुढं झाला. "मी."

"मुंडी पिरगाळलीस की रं त्याची! तापलंय बघ, ताकद खातंय. थेंब गळला पायजे हितनं. गळाया लाग म्हणावं त्याला."

फिटरनं नट सैल केले. दांड्याशेजारून थेंब थेंब पाणी गळायला लागलं. गणपतरावांनी पंप वीस मिनिटं तसाच चालू ठेवायला सांगितला आणि एका खोक्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत राहिले. मग आकडे पुन्हा वाचले.

"शहात्तर पूर्णांक चार," दीपा म्हणाली. तिनं भागाकार दोनदा केला, मग कागद फिटरला देऊन त्याच्याकडून करून घेतला. चारच आले.

अमरसिंहानं खिशातली घडी उघडली, वाचली आणि गणपतरावांच्या हातात दिली. गणपतरावांनी ती लांब धरून वाचली. "साडेशहात्तर? एक दशांश खाल्लं कुणी?" म्हणाले, आणि शेंगांची टरफलं झटकून उठले. पंप त्यांनी ठेवून घेतला.

दुपारी बाउल उघडून पॅटर्नच्या शेडमध्ये आणला. काळे ठिपके लांबून रेघा झाल्या होत्या, पात्याच्या वळणानं एकामागं एक, विंचरल्यासारख्या. पात्याच्या मुळाशी, टोकाजवळ, एक ठिपका मात्र कुठं न जाता तिथंच फरकाटला होता. दीपानं संगणकाचं छापलेलं चित्र शेजारी धरलं. चित्रात डाग अर्ध्या तळहाताएवढा. बिडावर अंगठ्याएवढा.

आकाराम चष्मा लावून वाकून बघत होता.

"म्हंजे मेलेलं पाणी हाय," तो म्हणाला.

"हाय. यंत्र खोटं बोललं न्हाय."

"खोटं न्हाय गं, फुगवून बोलतंय. आमचा मेव्हणा धरलेला मासा सांगतोय तसं. मासा असतोय, न्हाय असं न्हाय. पण त्यानं हात पसरले की आपण मनात निम्मं करायचं."

दीपा हसली. त्या शेडमध्ये ती पहिल्यांदाच हसली असं फेटलिंगवाले म्हणतात, पण ते त्या दिवशी तिथं नव्हते.

थंड खोली राहिली. अमरसिंहानं एक नवा नियम केला: कुठलंही ड्रॉइंग संगणकावर चढायच्या आधी आकाराम मिस्त्रींच्या हाताखालून जायचं, आणि ते काय काय बदलणार हे त्यांनी सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाराम थंड खोलीच्या दारात चपला काढून आत आला. खुर्चीत बसला, गार हवेकडं संशयानं बघितलं, मफलर गुंडाळला आणि म्हणाला, "लिव. ड्रॉइंगवर नसत्यात आन् आम्ही करतो, अशा गोष्टी."

ती लिहीत गेली. कोपरे किती भरायचे. पॅटर्न वाळूतून निघावा म्हणून उभ्या बाजूला ढाळ किती द्यायचा. पात्याची धार ओतताना भरत नाही म्हणून ती किती जाड ठेवायची. अकरा वाजता चहा आला, एक वाजता डबे आले, तरी यादी संपेना.

"आन् कोपऱ्याची गोलाई नऊ," आकाराम म्हणाला.

"आठही पात्यांची मोजलीया मी," दीपा म्हणाली. "सात ठिकाणी नऊ हाय. पाचव्या पात्याला अकरा."

"अकरा?" आकाराम उठून उभा राहिला. "माझ्या हातची?"

"व्हय."

"दे तो गेज हिकडं."

तो मफलर तसाच ठेवून, चपला न घालता शेडकडं गेला. पाच मिनिटांनी परत आला, बसला, आणि गेज टेबलावर ठेवला.

"साडेदहा."

"मिस्त्री, अकराचा गेज नीट बसतोय त्यात."

"साडेदहाचा गेज न्हाय तुमच्यात, म्हणून अकराचा बसतोय."

दीपानं गेजच्या संचातली एकेक पट्टी चाळून बघितली. दहा होती, अकरा होती. साडेदहाची खरंच नव्हती. तिनं यादीत पाचव्या पात्यापुढं साडेदहा लिहिलं, आणि आकारामनं ते वाकून वाचून बघितल्यावरच पुढचं सांगायला सुरुवात केली.